गोळी न लागायचा कागद

"काशीद, तुला जादू येते म्हणतात. खरं का?"

हेंशेलमास्तरनं हे विचारलं तेव्हा माझा वस्तरा त्याच्या नरड्यावर होता. नरड्यावर वस्तरा असताना माणूस खोटं बोलत नाही, असं माझा बाप सांगायचा. वस्तरा धरणाऱ्यानं खरं बोलावं असं काही तो बोलला नव्हता.

"येते की," मी म्हणालो. "कसली पाहिजे?"

पंचेचाळीस सालचा जानेवारी. जर्मनीत एका खेड्याबाहेर आमचा कैद्यांचा तळ होता. चहूकडं काटेरी तारा, चार कोपऱ्यांना चार मचाणं, अन् मधल्या बराकीत आम्ही बावीस मराठी माणसं. मी रखमाजी काशीद, पलटणीचा न्हावी. अख्ख्या लढाईत मी एक गोळी झाडली नाही, कारण माझ्या हातात बंदूक द्यावी असं कुणाला कधी वाटलंच नाही. बेचाळीस साली लिबियाच्या वाळूत पलटण सापडली तेव्हा मी एका सुभेदाराची दाढी करत होतो. अर्धी झाली होती. उरलेली अर्धी घेऊन तो बिचारा हात वर करून उभा राहिला, अन् माझ्या हातात वस्तरा होता तरी मलाही हात वर करायला लावले.

तेव्हापासून ज्याचा तळ त्याची दाढी. इंग्रजाची केली, इटालियनाची केली, आता जर्मनाची. साबण फासला की सगळे एकाच छापाचे दिसतात, अन् बोलायला लागले की सगळे एकाच छापाचे बावळट. भाषा मी पटापट उचलल्या. न्हाव्यापुढं कुणी तोंड बंद ठेवत नाही, मग न येऊन सांगतात कुणाला!

जादूचं म्हणाल तर ती माझी पोटाची सोय होती. हिंदुस्थानातला काळा माणूस म्हणजे जादूगार, अशी त्या अतिशहाण्या लोकांची पक्की समजूत. आभाळातून विमानं सोडणारे लोक, पण माझ्यापुढं तळहात पसरून बसायचे! मला हातावरचं कशाला काय कळतंय? एकाला सांगितलं, तुझी बायको तुझी वाट बघतेय. दोन बटाटे मिळाले. बघत नाही म्हणालो असतो तर दोन लाथा मिळाल्या असत्या.

हा हेंशेल मात्र कधी हात दाखवायला आला नव्हता. पन्नाशी उलटलेला, जाड भिंगांचा चष्मा, लढाईआधी खेड्यातल्या शाळेत मास्तर. म्हणून मी त्याला मास्तरच म्हणायचो. पहारेकऱ्यांत हा एकच असा, की कुणी कैदी चुकून तारेजवळ गेला तर आधी हाक मारायचा, मग हवेत बंदूक उडवायचा. त्यानं माणसावर नेम धरलेला कुणी पाहिला नव्हता.

"मला रशियाच्या आघाडीवर जायचा हुकूम आलाय," तो म्हणाला. "परवा गाडी आहे."

मी वस्तरा पुसला. रशियाच्या आघाडीवर गेलेल्याची दाढी करायची पाळी पुन्हा येत नाही, हे एव्हाना मला माहीत झालं होतं.

"तुला सांगतो," तो म्हणाला, "तीनशे वर्षांमागं आमच्या देशात तीस वर्षं लढाई चालली होती. त्या काळचे शिपाई म्हणजे नुसते लफंगे. आज या राजाचे, उद्या त्या राजाचे, परवा कुणाचेच नाहीत. कोंबड्या चोरायच्या, चर्च लुटायचं अन् थापा मारायच्या. त्यांच्या गोष्टींची जाडजूड पुस्तकं आहेत. मी शाळेत पोरांना वाचून दाखवायचो."

"मग?"

"ते शिपाई लढाईच्या दिवशी एक कागद गिळायचे. बोटाएवढा. त्यावर मंत्र लिहिलेला. गिळला की दिवसभर गोळी लागत नाही. एका गावचा जल्लाद ते कागद विकायचा म्हणे."

"अन् लागायची नाही गोळी?"

"पुस्तकात लिहिलंय की लागायची. विकणारा लुच्चा, गिळणारा मूर्ख. पोरं पोट धरून हसायची, मीही हसायचो." त्यानं चष्मा काढून हातात घेतला. "आता हसू येत नाही, काशीद. मला तसला कागद लिहून दे. तुमच्या लिपीत."

बघा आता! स्वतःच्या तोंडानं सांगतोय की ही लबाडी आहे, पोरांना तीच शिकवलीय, अन् वर मलाच म्हणतोय लिहून दे. अशा माणसाची कीव करावी की त्याला हसावं? मला तर किळस आली. एवढी पुस्तकं वाचून हा माणूस एका न्हाव्यापुढं तोंड वेंगाडून बसलाय!

"देतो," मी म्हणालो. "पण मला खडी फोडायच्या टोळीतनं काढायचं. अन् दाढ्या करायला पहारेकऱ्यांच्या खोलीत, शेगडीजवळ जागा द्यायची."

त्यानं माझे दोन्ही हात धरून कबूल केलं.

संध्याकाळी बराकीत बसून मी सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद फाडला अन् पेन्सिलीनं लिहायला बसलो. तेवढ्यात हवालदार धोंडजी शिर्के मागनं आला.

या शिर्क्याबद्दल सांगायला पाहिजे. आमच्या बराकीत तो सगळ्यात वरच्या हुद्द्याचा. शहाण्णव कुळीचा, अन् ते दिवसातनं चार वेळा ऐकवायचा. तीन वर्षं एका कौलाखाली झोपलो, एका बादलीतलं पाणी प्यालो, पण माझं नाव त्यानं कधी घेतलं नाही. "ए न्हाव्या!" एवढंच. जेवायला बसताना मी सगळ्यांच्या शेवटी, दाराच्या वाऱ्यात. एकदा मी त्याच्या शेजारी बसलो तर म्हणाला, "तुझा हात डोक्याला लागतोय तेवढं बास झालं. ताटाला नको." अंगावर कैद्याचा डगला, पायाला लाकडी खडावा, ताटात सालासकट शिजवलेला सलगम, अन् ऐट मात्र पाटलाच्या ओसरीवरची!

"काय लिवतोयस रं न्हाव्या?" त्यानं कागद हिसकावला अन् मोठ्यानं वाचला. "'हा कागद गिळणारा गाढवाचा बाप.'" त्यानं कागद उलटासुलटा करून बघितला. "आन् हे कुणासाठी?"

मी सांगितलं. शिर्के असा हसला की खाटेवर आडवा झाला. सगळी बराक हसली. बयाजी मोहिते म्हणून एक लान्सनाईक होता, त्याला तर ठसका लागला.

"आरं, ही आख्ख्या जगाला शिस्त शिकवणारी माणसं!" शिर्के डोळे पुसत म्हणाला. "आन् न्हाव्याची शिवी गिळत्यात! दे दे, त्याला दोन दे!"

त्या दिवशी पहिल्यांदा मला शिर्के आवडला, खोटं कशाला बोलू. आम्ही दोघं एका माणसाला हसलो होतो.

हेंशेलनं गाडीच्या दिवशी माझ्यासमोर पाण्याच्या घोटाबरोबर कागद गिळला अन् तो गेला. शब्दाला जागून गेला. मला शेगडीजवळची जागा मिळाली. बाहेर गुडघाभर बर्फ, अन् मी उबेत बसून गोऱ्यांच्या हनुवट्या घासतोय, असं सुख मला माझ्या गावातही मिळालं नव्हतं.

तीन आठवड्यांनी सकाळच्या हजेरीला आम्ही रांगेत उभे होतो. फाटकातनं एक माणूस आत आला. डगला जळलेला, चष्म्याचं एक भिंग फुटलेलं. हेंशेलमास्तर! सगळ्या रांगेदेखत तो सरळ माझ्याकडं आला, वाकला अन् माझ्या हाताचा मुका घेतला.

"गाडीवर बॉम्ब पडला," तो म्हणाला. "आमच्या डब्यात चाळीस माणसं होती. मी एकटा उरलो. नखालासुद्धा धक्का नाही, काशीद!"

त्याची तुकडीच उरली नाही, म्हणून त्याला परत आमच्याच तळावर पाठवलं होतं. माणसाचं नशीब बलवत्तर असलं की जगतो, नाहीतर मरतो. यात माझं काय? पण मी मान तुकवली, डोळे मिटले, ओठ हलवले. अहो, समोरून आलेली लक्ष्मी कुणी लाथाडतं का?

अन् त्याच दिवसापासून आमच्या बराकीची तऱ्हा फिरली.

ज्या एकवीस माणसांनी तो कागद वाचून पोट दुखेपर्यंत हसून घेतलं होतं, तीच माणसं माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागली. बयाजी मोहिते मला "काशीदबुवा" म्हणायला लागला. जेवताना कुणीतरी सरकून मला मधे जागा दिली. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ना! तीन वर्षं मी न्हावी होतो. एका गोऱ्यानं हाताचा मुका घेतला अन् मी बुवा झालो. साहेब हसला की आपण हसायचं, साहेब रडला की रडायचं, अन् साहेब गाढव झाला की आपण त्याच्यापुढं रांगेत उभं राहून ओरडायचं. थुंकावंसं वाटायचं मला. पण जेवायला मधल्या जागेवर बसायचो, तेही सांगतो.

पहारेकरी कागद मागायला आले, मी दिले. आता नियमही केले. घडी घालून द्यायचा, उघडून वाचायचा नाही. सूर्य मावळेपर्यंतच चालतो. त्या दिवशी कांदा खायचा नाही. नियम जेवढे जास्त तेवढा विश्वास घट्ट, ही अक्कल मला आपोआप आली.

शिर्के मात्र आला नाही. बोलायचा नाही, हसायचाही नाही. लांबून बघायचा.

त्याचं वेगळंच चाललं होतं. जानेवारीच्या थंडीत त्याच्या डाव्या पायाची बोटं काळी पडली होती अन् तळावरच्या डॉक्टरनं चार बोटं काढली होती. भिंत धरून चालायचा. घरी पाच वर्षांची मुलगी होती. तो बोटीत बसल्यावर जन्मलेली. तिचा फोटो त्याच्या उशाखाली असायचा, कुणाला दाखवायचा नाही.

एप्रिल उजाडला. अमेरिकनांच्या तोफा ऐकू यायला लागल्या, दिवसागणिक जवळ. अन् एका सकाळी हुकूम आला, उद्या पहाटे सगळा तळ पायी निघणार. रोज तीस किलोमीटर. मागं राहणाऱ्याचं काय, असं कुणीतरी विचारलं. नवा लेफ्टनंट आला होता, बावीस-तेवीस वर्षांचा, दाढी अजून नीट न फुटलेला. तो म्हणाला, "मागं कुणी राहणार नाही." त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. सगळे शिर्क्याच्या पायाकडं बघायला लागले.

हजेरी सुटल्यावर मी बराकीत वस्तरा पाजळत होतो. दुसरं कुणी नव्हतं. शिर्के भिंत धरत आला अन् माझ्यासमोर उभा राहिला.

"काशीद."

तीन वर्षांत पहिल्यांदा. मी वर बघितलं नाही.

"काय हवालदारसाहेब?"

"काय न्हाय. साबण हाय का इचाराया आलो."

ताकाला जाऊन भांडं लपवतोय! मी साबण दिला. तो तसाच उभा.

"कागद पायजे," तो शेवटी म्हणाला.

"कसला कागद?"

"छळू नगंस. ठावं हाय तुला." तो खाली बसला. त्याला बसायला किती त्रास झाला ते मी बघितलं. "सैपाकघरामागं बॉम्बच्या हादऱ्यानं खांब कलंडलाय. कुंपणाला भोक पडलंय. पलीकडं पाचशे पावलांवर रान लागतं. अमेरिकन दोन दिसाच्या वाटंवर हायती. रानात दडून बसलो तर वाचतो. उद्या निघालो तर पहिल्याच मैलात बसतो, आन् बसलो की गोळी."

"मग रात्री जावा. कागद कशाला?"

"रात्री कुत्री सोडत्यात. आन् तुझा कागद सूर्य मावळंपत्तुरच चालतो की! दुपारी त्या मचाणावर हेंशेल असतोय. तो हवेत मारतोय. तरीबी... कागद असला तर बरा."

मी वस्तरा खाली ठेवला. त्या घडीला मला खरोखर वाटलं, खरं सांगावं. "हवालदार, तुम्ही सोताच्या डोळ्यांनी वाचलंय त्यात काय लिवलं होतं. गाढवाचा बाप लिवलं होतं. थापा हायत्या सगळ्या. शेगडीसाठी थापा मारल्या मी."

शिर्के माझ्याकडं असा बघायला लागला की जणू मीच लहान पोर.

"आमच्या खोऱ्यात एक बाबा हुता," तो म्हणाला. "अंगाव लंगोटी. जाईल त्याला धोंडा मारायचा आन् आईवरनं शिव्या द्यायचा. आशीर्वाद कधी दिला न्हाय कुणाला. ज्याला शिवी बसली त्याचं काम झालंच. माझा बाप आठ दिस त्याच्या दारात बसला शिवी खायाला, मंग माझा जलम झाला. अवलियाची शिवी म्हंजी परसाद. मी वाचून हसलो ती माझी चूक. मला तवा कळलं न्हाय."

"अवो, मी अवलिया न्हाय! मी न्हावी हाय!"

"त्यो बाबाबी म्हणायचा, मी कुणी न्हाय म्हणून. मोठी माणसं असंच म्हणत्यात."

खरं बोललो तर ते मोठेपणाचं लक्षण, खोटं बोललो तर तो मंत्र. माणसानं एकदा मूर्ख व्हायचं ठरवलं की देवाच्या बापालाही अडवता येत नाही त्याला.

मग त्यानं ते केलं. शहाण्णव कुळीचा हवालदार धोंडजी शिर्के पुढं वाकला अन् माझ्या पायाला हात लावला.

"त्यात तीच शिवी लिव," तो म्हणाला. "येक अक्षार बदलू नगंस."

मी आणखी एकदा नाही म्हणू शकलो असतो. दोनदा म्हणू शकलो असतो. आरडाओरडा करून बराक गोळा केली असती, कागद त्याच्यापुढं फाडला असता. पण काय सांगू, त्याचा हात माझ्या पायावर होता. तीन वर्षं दाराच्या वाऱ्यात जेवलो होतो मी. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. अन् हेंशेल तर हवेतच मारणार होता, मग कागदानं बिघडतंय काय, असंही मनाशी म्हणालो.

मी लिहिलं. "हा कागद गिळणारा गाढवाचा बाप." घडी घातली. त्यानं दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली.

"आज कांदा खाऊ नका," मी म्हणालो. तेवढं म्हणायचीही मला गरज नव्हती.

दुपारी चांगलं ऊन पडलं होतं. मी स्वयंपाकघराच्या कडेला स्टूल टाकून बयाजीची हजामत करत होतो. मुद्दामच तिथं बसलो, बघायला मिळावं म्हणून. मचाणावर हेंशेल होता. पण त्याच्या मागं, शिडीवरून नुकताच चढून आलेला, तो नवा लेफ्टनंट उभा होता. हातात दुर्बीण, तोफांच्या दिशेला बघत होता.

शिर्के बराकीमागून निघाला. आमच्या तळावर कुंपणाच्या अलीकडं एक गुडघ्याएवढी तार होती. ती ओलांडली की गोळी, असा कायदा. शिर्के लंगडत तिच्याजवळ गेला. त्याला लेफ्टनंट दिसला असेल की नाही, देव जाणे. दिसला असेल तरी तो थांबला नसता. त्याच्या पोटात कागद होता.

तार ओलांडायच्या आधी त्यानं वर मचाणाकडं बघितलं. आ करून दाखवला. बोटानं घशाखाली गेल्याची खूण केली. मग छातीवर हात आपटला.

हेंशेलनं मान हलवली. त्याला कळलं होतं.

शिर्क्यानं तार ओलांडली. लेफ्टनंटनं दुर्बीण खाली घेतली अन् काहीतरी ओरडला. हेंशेलनं बंदूक उचलली. नेहमीसारखी हवेत नाही. खांद्याला लावली, गाल टेकवला, अन् नळी सरळ शिर्क्याच्या पाठीवर धरली.

मला एका क्षणात सगळं कळलं. त्याला वाटत होतं की गोळी लागणारच नाही. तो मास्तर नेम धरत होता, कारण त्याला मारायचं नव्हतं!

"हवालदार, मागं फिरा!" मी ओरडलो. "खाली पडा!"

मी मराठीत ओरडलो. शिर्क्याला. जर्मनमध्ये दोनच शब्द पुरले असते, 'कागद खोटा.' ते शब्द मला येत होते. माझ्या जिभेवर आले होते. पण लेफ्टनंट ऐकत होता, हेंशेल ऐकत होता, सगळा तळ ऐकत होता. पहारेकऱ्यांनी माझी चामडी लोळवली असती. शेगडी गेली असती. जेवायची मधली जागा गेली असती. एवढं सगळं माझ्या डोक्यात त्या अर्ध्या क्षणात येऊन गेलं. माणसाचं डोकं असल्या हिशेबाला फार जलद चालतं.

शिर्के मागं वळला नाही. उलट हात वर केला, मला सांगायला, की काळजी करू नकोस, बुवा.

एकच गोळी झाडली हेंशेलनं. शिर्के पालथा पडला, तो कुंपणापाशी पोहोचलाही नव्हता. बयाजी अर्धं डोकं भादरलेलं तसाच उठून पळत गेला. मी स्टुलापाशी उभा राहिलो. हातात वस्तरा होता.

पहारा बदलल्यावर हेंशेल मला शोधत आला. मी शेगडीजवळ बसलो होतो. दुसरीकडं कुठं बसणार? तो पांढराफटक पडला होता.

"मी वर मारणार होतो," तो म्हणाला. "नेहमी वर मारतो. पण लेफ्टनंट मागं उभा होता. वर मारली असती तर त्यानं दुसरी मारायला लावली असती, किंवा स्वतः मारली असती. मग तुझ्या माणसानं मला खूण केली, कागद गिळलाय म्हणून. मला किती आनंद झाला, काशीद! म्हटलं, चला, आता बिनधास्त नेम धरावा. लेफ्टनंटला दिसेल की मी बरोबर मारली, अन् हा निघून जाईल." त्यानं माझा डगला धरला. "का लागली? माझ्या वेळी चाळीस माणसं मेली अन् मला खरचटलंसुद्धा नाही. त्याला का लागली?"

खरं सांगितलं असतं तर हा माणूस त्याच संध्याकाळी गळ्याला दोर लावून मेला असता. असं मी नंतर पुष्कळ वेळा स्वतःला सांगितलं. खरं असेलही. पण त्या वेळी मला त्याच्या गळ्याची पडलेली नव्हती, माझ्याच गळ्याची होती.

"त्यानं कांदा खाल्ला," मी म्हणालो.

हेंशेल खुर्चीत बसला अन् हुंदके देऊन रडला. सुटल्यासारखा रडला. मग नाक शिंकरलं, माझा हात दाबला. "बिचारा," म्हणाला. "त्याला नियम पाळता आला नाही."

मी बराकीत परतलो तेव्हा बातमी माझ्याआधी पोहोचली होती. शिर्क्यानं कांदा खाल्ला. कुणीतरी शपथेवर सांगत होता, मी बघितला त्याला खाताना. तळावर पंधरा दिवसांत कांदा आला नव्हता! तरी याला दिसला! शिर्क्याच्या खाटेवर त्याचा डगला पडला होता, उशाखालचा फोटो कुणीतरी वर काढून ठेवला होता. एक पोरगी, डोक्याला तेल चोपडलेलं, कॅमेऱ्याकडं रागानं बघणारी.

बयाजी मोहिते पुढं आला. अर्धं डोकं अजून तसंच होतं.

"काशीदबुवा, उद्या पहाटं निघायचं. वाटंत काय व्हईल सांगता येत न्हाय. आमाला समद्यांना कागद द्या. आमी कांदा खानार न्हाय."

"बयाजी," मी म्हणालो, "ऐका समदे. कागद खोटा हाय. हवालदाराला मी सांगितलं होतं. कांद्याचंबी खोटं हाय. समदं खोटं."

मग बयाजीनं हात जोडले.

"हवालदार मला सांगत हुता सकाळी," तो म्हणाला. "म्हणला, बुवा आधी न्हाईच म्हनत्यात. पाय धरायला लागत्यात."

अन् तो वाकला. त्याच्या मागं दुसरा, त्याच्या मागं तिसरा. मी खाली बघितलं तर पुढ्यात नुसत्या पाठीच पाठी. मी कुणाला शिव्या दिल्या नाहीत, दिल्या असत्या तर त्यांनी त्याही झेलून घेतल्या असत्या.

सिगारेटची पाकिटं गोळा करून त्यांनी माझ्यापुढं ठेवली. मी पेन्सिल घेतली. माणसं वीस होती, वीस कागद केले. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालोच नाही, हे सांगून ठेवतो. रातोरात लेफ्टनंट पळाला, त्याच्यामागं पहारेकरी पळाले, अन् तिसऱ्या दिवशी अमेरिकनांच्या गाड्या फाटकातनं आत आल्या. शिर्के खाटेवर नुसता पडून राहिला असता तरी घरी गेला असता. आमच्यातला प्रत्येक जण घरी गेला. त्यांच्या गावांत अजून सांगतात, काशीदबुवाच्या कागदानं वाचलो म्हणून.

पण ते पुढचं. त्या दिवशी सूर्य मावळल्यावर, म्हणजे उद्याच्या मावळतीपर्यंत चालावेत म्हणून, मी वीस कागद लिहिले. एकावरही शिवी लिहिली नाही. प्रत्येकावर एकच ओळ लिहिली, 'हवालदार शिर्क्याला मी मारला,' अन् खाली माझं नाव. घड्या घालून वाटले. उघडून वाचायचा नाही हा नियम माझाच होता, पण मी प्रत्येकाच्या हाताकडं बघत होतो. एकानं तरी उघडावा.

कुणी उघडला नाही. सगळ्यांनी कपाळाला लावला अन् पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाकला.